फेडरसन विर्डे: एका टेकाडावरून सॅक्सनांच्या मुळांचा शोध

उत्तर जर्मनीत एल्बे आणि वेझर या दोन नद्यांच्या मुखांमध्ये जो त्रिकोणी प्रदेश आहे, त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रेमरहाफेन बंदराच्या उत्तरेस, सपाट खाजणातून सुमारे ४ मीटर वर आलेले एक टेकाड आहे. त्याला फेडरसन विर्डे म्हणतात. ते निसर्गाने घडवलेले नाही. इसवी सनापूर्वीच्या १ल्या शतकात तेथे वस्ती झाली, आणि समुद्राचे पाणी वाढू लागले तसतसे तेथील लोकांनी शेण व चिकणमातीचे थर घालून आपली घरे उंच नेली. इ.स. ५व्या शतकाच्या मध्यास ती वस्ती उठली. वेर्नर हार्नागेल यांच्या मार्गदर्शनाखाली १९५५ ते १९६३ या काळात तेथे उत्खनन झाले. एखाद्या गावाची सुमारे ५०० वर्षांची घडण थरागणिक उलगडून दाखवणारी इतकी मोठी उत्खनने युरोपात फार थोडी आहेत.

सॅक्सनांच्या मुळांचा प्रश्न तपासण्यासाठी येथे हेच एक गाव निवडले आहे, कारण या पट्ट्याविषयी ग्रंथांतून मिळणारी माहिती आणि जमिनीतून मिळणारी माहिती एकमेकींशी सहज जुळत नाहीत. रोमन लेखक १ल्या शतकात येथे 'चाउकी' नावाचे लोक राहतात असे सांगतात, तर ४थ्या-५व्या शतकात याच किनाऱ्यावरचे लोक 'सॅक्सन' म्हणून ओळखले जातात. मग चाउकी गेले कुठे आणि सॅक्सन आले कुठून?

ग्रंथांतले सॅक्सन

दीर्घकाळ प्रचलित असलेले उत्तर असे आहे. सॅक्सन ही मूळची एल्बेच्या उत्तरेकडील, म्हणजे आजच्या होल्श्टाइनमधील एक लहान टोळी होती. तिने ३ऱ्या शतकाच्या सुमारास एल्बे ओलांडली, चाउकींना जिंकले किंवा आपल्यात सामावून घेतले, आणि पुढे ५व्या शतकात तिच्यातील बरेच लोक समुद्रमार्गे ब्रिटनला गेले. या मांडणीचा सगळा भार इ.स. १५०च्या सुमारास लिहिणाऱ्या टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराच्या एका उल्लेखावर आहे. त्याने 'किंब्रिक' (आजच्या जटलंड) द्वीपकल्पाच्या मानेपाशी सॅक्सनांना बसवले आहे आणि एल्बेच्या मुखाजवळची तीन बेटे त्यांच्या नावावर लावली आहेत. मात्र टॉलेमीच्या हस्तलिखितांत हे नाव सर्वत्र एकसारखे नाही. काही प्रतींत आरंभीचा 'स' नसलेले रूप आढळते, आणि त्यामुळे हा शब्द मुळात 'आव्हिओने' या दुसऱ्याच टोळीचा असावा व नकलाकारांच्या हातून बिघडला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. हे मत पूर्णपणे सिद्ध झालेले नाही. तरीही रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८मध्ये जर्मनीतील टोळ्यांची जी सविस्तर नोंद केली, तीत चाउकी आहेत, अँगल आहेत, आव्हिओनेही आहेत, पण सॅक्सनांचा पत्ता नाही. ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नव्हे.

टॉलेमी बाजूला ठेवला, तर सॅक्सनांचे पहिले निःसंशय समकालीन उल्लेख ४थ्या शतकाच्या मध्यास मिळतात, सम्राट ज्युलियनच्या लेखनात आणि त्यानंतर अमियानस मार्सेलिनसच्या इतिहासात. रोमन इतिहासकार युट्रोपियस इ.स. २८५च्या सुमाराची हकिकत सांगतो, की फ्रँक व सॅक्सन चाच्यांनी समुद्र असुरक्षित केल्यामुळे कराउसियस या सेनानीला बुलोन येथे नेमण्यात आले. पण तो हे लिहितो आहे जवळपास ८० वर्षांनंतर, आणि त्यामुळे आपल्या काळात रूढ झालेले नाव त्याने मागच्या घटनेला लावले असण्याची शक्यता उरते. एक गोष्ट मात्र या सगळ्या उल्लेखांत समान आहे. सॅक्सन हे नाव रोमनांच्या लेखी आधी समुद्रातून येऊन किनारा लुटणाऱ्यांचे नाव आहे, विशिष्ट भूमी, राजा किंवा वंशावळ असलेल्या लोकांचे नाव म्हणून ते नंतर येते. इ.स. ४००च्या सुमाराच्या अधिकारपदांच्या रोमन यादीत ब्रिटनच्या आग्नेय किनाऱ्यावरील संरक्षण-साखळीला 'सॅक्सन किनारा' असे नाव आहे, आणि तेथेही रोख समुद्रावरून येणाऱ्या धोक्याकडेच असावा असे बहुतेकांना वाटते.

लूटमारीचा हा धंदा या किनाऱ्याला नवा नव्हता. इ.स. ४७मध्ये गान्नास्कस नावाच्या पुढाऱ्याच्या हाताखाली चाउकींनी हलक्या होड्यांतून गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या) किनाऱ्यावर छापे घातले आणि कोर्बुलो या रोमन सेनापतीला त्यांच्यावर जावे लागले, असे टॅसिटसच नोंदवतो. गंमत अशी, की हाच टॅसिटस आपल्या दुसऱ्या ग्रंथात चाउकींना जर्मनांतील सर्वांत थोर, न्यायाने वागणारे आणि कोणावर चाल न करणारे लोक म्हणून गौरवतो. रोमन वाचकांना नीतीचा धडा द्यायचा असला की चाउकी सज्जन ठरत, आणि सीमेवरचा अहवाल लिहायचा असला की चाचे. टोळ्यांच्या नावांवर भिस्त ठेवून इतिहास रचताना ही सवय लक्षात ठेवावी लागते.

टेकाडातला पुरावा

चाउकींचे सर्वांत ठसठशीत वर्णन थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने केले आहे. तो तरुणपणी या सीमेवर सैन्यात होता आणि त्याने हा किनारा स्वतः पाहिला होता. दिवसातून दोनदा समुद्र आत येतो, ही जमीन आहे की समुद्राचा भाग हेच कळत नाही, आणि हे दरिद्री लोक हाताने रचलेल्या उंचवट्यांवर झोपड्या बांधून राहतात. भरतीच्या वेळी ते जहाजावरच्या खलाशांसारखे दिसतात, ओहोटीच्या वेळी जहाज फुटलेल्यांसारखे. त्यांच्याकडे गुरे नाहीत, दूध नाही, शिकार नाही. लव्हाळ्याची जाळी विणून ते मासे धरतात, हाताने उचललेला चिखल वाऱ्यावर वाळवून जाळतात, आणि घरासमोरच्या खड्ड्यात साठवलेले पावसाचे पाणी पितात. आणि रोमने जिंकले तर याला ते गुलामी म्हणतील, असा शेराही तो मारतो.

फेडरसन विर्डेच्या उत्खननात प्लिनीचे उंचवटे जसेच्या तसे सापडले, पण त्याचे दारिद्र्य सापडले नाही. ओल्या शेणाच्या थरांत हवा न शिरल्यामुळे लाकूड कुजले नव्हते. खांबांचे बुंधे आणि कुडाच्या विणलेल्या भिंती जागच्या जागी उभ्या होत्या. घरे लांबट, आतून खांबांच्या दोन रांगांनी तीन पट्ट्यांत विभागलेली. एका टोकाला चूल आणि माणसांची राहण्याची जागा, तर दुसऱ्या टोकाला मधली वाट सोडून दोन्ही बाजूंना कुडाच्या आडभिंतींनी पाडलेले गुरांचे कप्पे, आणि त्या वाटेच्या कडेने शेण-मुताचे पन्हळ. अशा कप्प्यांची मोजदाद करता येत असल्यामुळे कोणत्या घरात किती गुरे बांधली जात याचा अंदाज बांधता येतो, आणि भरभराटीच्या काळात गावातील गुरांची संख्या शेकड्यांत होती. शेतांत जव, घोडेघेवडा आणि जवस पिकत होते. प्लिनीने बहुधा खाऱ्या दलदलीचा सर्वांत बाहेरचा भाग पाहिला, किंवा रोमच्या ऐषआरामाला टोमणा मारण्यासाठी चित्र जाणून भडक केले. मला दुसरी शक्यता अधिक पटते, कारण हा उतारा त्याच्या ग्रंथात झाडांच्या वर्णनाच्या आरंभी, 'झाडच नसलेला प्रदेश' म्हणून येतो. तेथे वैपुल्य दाखवून त्याचे काम भागले नसते.

आता मूळ प्रश्न. पहिली वस्ती सपाट जमिनीवर, समुद्राने साठवलेल्या गाळाच्या बांधावर होती. इ.स. १ल्या शतकापासून एकेका घराखाली स्वतंत्र उंचवटा रचला जाऊ लागला. पुढे हे उंचवटे वाढत जाऊन एकमेकांना भिडले आणि मधल्या मोकळ्या जागेकडे तोंड करून वर्तुळाकार मांडलेल्या घरांचे एकच मोठे टेकाड झाले. ३ऱ्या शतकात येथे २५च्या आसपास घरे होती. त्यांतील एक वाडा बाकीच्यांपासून कुंपणाने आणि चराने वेगळा केलेला होता. त्याच्या आवारात धातुकाम व हाडकामाच्या खुणा आणि रोमन मालाचे अवशेष विशेष दाट आहेत. म्हणजे सुरुवातीला जवळपास समान असलेल्या शेतकऱ्यांच्या गावात एक पुढारी घराणे हळूहळू वर आले, आणि ऱ्हाईनकडील व्यापारावर त्याची पकड होती.

चाउकींना बाहेरून आलेल्या टोळीने जिंकले असते, तर या टेकाडावर त्याची काहीतरी खूण उमटायला हवी होती. गाव सर्वत्र एकदम जळाले आहे, घरांची ठेवण अचानक बदलली आहे, शेतांच्या आणि घरांच्या सीमा मोडून नव्याने आखल्या आहेत, असे काही ज्या काळात हे राज्यांतर झाले असे मानले जाते त्या ३ऱ्या शतकात दिसत नाही. नवे घर जुन्या घराच्याच जागी, थोडे उंच, उठते. मडक्यांची घडण व नक्षी बदलते, पण टप्प्याटप्प्याने, आणि तसाच बदल एल्बेच्या दोन्ही काठांवर होत जातो. यावरून एकही बाहेरचा माणूस येथे आला नाही असे म्हणता येणार नाही. लग्ने होत असणार, नोकरीचाकरीसाठी लोक येत-जात असणार. पण गावाची मालकी बदलली असे मानायला आधार नाही. मला वाटते, बदलले ते नाव. चाउकी, त्यांचे शेजारी आणि एल्बेपलीकडचे लहानसहान गट यांच्या पुढाऱ्यांनी लूट, व्यापार आणि रोमन सैन्यातील चाकरी यांसाठी एकत्र येण्यातून जो सैल संघ तयार झाला, त्याला समुद्रापलीकडचे लोक सॅक्सन म्हणू लागले, आणि कालांतराने आतल्या लोकांनीही ते नाव आपलेसे केले. ऱ्हाईनच्या काठी फ्रँक आणि वरच्या डॅन्यूबपाशी अलेमान ही नावेही याच ३ऱ्या शतकात, जुन्या टोळ्यांच्या डोक्यावरून, अशीच पुढे आली.

या निष्कर्षाची उलट तपासणी थोड्या पश्चिमेकडे करता येते. आजच्या नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यावर फ्रिजियन लोकांची अशीच टेकाडे आहेत. त्यांतील बरीचशी ४थ्या शतकात ओस पडली, आणि ५व्या शतकात तेथे जे नवे लोक वसले त्यांची मडकी व घरे एल्बे-वेझर पट्ट्याशी नाते सांगतात. पुढे फ्रँक लेखक त्यांना काय म्हणतात? फ्रिजियनच. म्हणजे एका किनाऱ्यावर माणसे तीच राहून नाव बदलले, आणि शेजारच्याच किनाऱ्यावर माणसे बदलून नाव तेच राहिले. नावाच्या मागे मागे जाऊन टोळीचा माग काढण्याची पद्धत या दोन्ही ठिकाणी फसली असती.

फालवार्डचे आसन

फेडरसन विर्डेपासून काही किलोमीटरवर, व्रेमेन गावाजवळ फालवार्ड येथे त्या काळची दफनभूमी आहे. १९९०च्या दशकात तिचे उत्खनन झाले आणि ५व्या शतकाच्या पूर्वार्धातील एका पुरुषाची नावेतील कबर मिळाली. त्याच्यासोबत ठेवलेले लाकडी आसन एकाच झाडाच्या खोडातून कोरून काढलेले आहे; त्याच्या पाठीवर व बैठकीवर सर्वत्र भौमितिक नक्षी आहे, आणि ही नक्षी उशिराच्या रोमन लष्करी पट्ट्यांच्या बकलांवर जशी असते तशाच धाटणीची आहे. आसनाबरोबर पाय ठेवण्याचे लहान पीठ आहे. त्यावर कुत्रा हरणावर झेप घेतो आहे असे चित्र कोरलेले असून कडेला रून या प्राचीन जर्मनिक लिपीत दोन शब्द आहेत: एक हरणाच्या शिकारीशी जोडला जातो, दुसरा चक्क लॅटिनमधून आलेला, बसायच्या लहान स्टुलासाठीचा शब्द. कबरीत रोमन लष्करी पद्धतीच्या कमरपट्ट्याचे धातूचे भागही होते. हा माणूस रोमन सैन्यात चाकरी करून गावी परतलेला असावा, असे मानले जाते.

सॅक्सन म्हणजे रोमच्या सीमेबाहेरचे, रोमवर तुटून पडणारे रानटी लोक, अशी जी समजूत आहे तिला या एका कबरीने मोठा तडा जातो. ज्या पुढाऱ्यांची मुले रोमच्या पगारावर लढत होती, त्यांचे बळ आणि त्यांची प्रतिष्ठा साम्राज्याशी बांधलेली होती. साम्राज्याची पश्चिमेकडील घडी ५व्या शतकात विस्कटली, तेव्हा तो पगार, ती भेटवस्तूंची आवक आणि तो व्यापारही आटला.

गाव उठले

५व्या शतकाच्या मध्यास फेडरसन विर्डे ओस पडले. कारण एकच नसावे. समुद्राची पातळी वाढत होती आणि शेतांत खारेपणा शिरत होता. शेवटच्या टप्प्यांत गुरांचे कप्पे कमी होऊन कारागिरीच्या जागा वाढलेल्या दिसतात, म्हणजे केवळ गुरांवर पोट भरणे कठीण झाले होते. पण पाणी यापूर्वीही वाढले होते, आणि तेव्हा लोकांनी आणखी थर घातले होते. या वेळी त्यांनी तसे केले नाही, कारण जायला जागा होती.

बीड हा इंग्लंडमधील भिक्षू-इतिहासकार ७३१मध्ये लिहितो, की ब्रिटनला आलेले लोक सॅक्सन, अँगल आणि ज्यूट या तीन टोळ्यांचे होते, आणि अँगलांचा मूळ प्रदेश अजून ओसाड आहे. इतकी नेटकी तिहेरी विभागणी ३०० वर्षांनंतरच्या राज्यांच्या सोयीने झालेली आहे, हे आता बहुतेक सर्वांना मान्य आहे. बीड स्वतःच आपल्या ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी फ्रिजियन, डेन, बोरुक्टुआरी अशी लांबलचक यादी देतो. पण ओसाडीची त्याची बातमी पोकळ नव्हती. श्लेस्विग-होल्श्टाइनमधील तळ्यांच्या गाळात साठलेल्या परागकणांत ५व्या-६व्या शतकांत धान्याचे प्रमाण घसरते आणि रान वाढते. समुद्रापलीकडे नॉरफोकमधील स्पाँग हिल येथे २०००हून अधिक अस्थिकलश मिळाले, आणि त्यांतील अनेकांची घडण, फुगवटे व ठशांची नक्षी स्टाडेजवळच्या इसेनडॉर्फसारख्या एल्बे-वेझर पट्ट्यातील दफनभूमींतील कलशांशी इतकी मिळतीजुळती आहे, की केवळ नक्कल म्हणून ती उडवून लावता येत नाही.

२०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या मोठ्या अभ्यासाने या बाजूला वजन दिले. वायव्य युरोपातील ४६० मध्ययुगीन व्यक्तींच्या, त्यांपैकी इंग्लंडमधील २७८ जणांच्या, अवशेषांवरून असे दिसले, की आरंभीच्या मध्ययुगात पूर्व व दक्षिण इंग्लंडमधील लोकांच्या वंशांशापैकी ७६ टक्क्यांपर्यंतचा भाग उत्तर समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावरून आला होता. पुरुषांबरोबर बायकाही आल्या होत्या. म्हणजे ही मूठभर योद्ध्यांची स्वारी नव्हती. तरीही त्याच अभ्यासात असे आढळले, की शस्त्रांसह पुरलेले पुरुष बाहेरच्या वंशाचे असण्याची शक्यता इतरांहून जास्त नव्हती. स्थानिक ब्रिटन रक्ताचा माणूसही सॅक्सन पद्धतीचा भाला घेऊन कबरीत जात होता. आणि हा वंशांश सॅक्सन, अँगल, ज्यूट, फ्रिजियन असा वेगवेगळा काढून दाखवता येत नाही, कारण त्या किनाऱ्यावरचे लोक एकमेकांत आधीच मिसळलेले होते. टेकाडावरून जे दिसते त्याच्याशी हे जुळते.

मागे राहिलेले

सगळे गेले नाहीत. खाजणातली गावे उठली तरी आतल्या उंच वाळवट जमिनीवरची फ्लोगेल्नसारखी वस्ती ६व्या शतकापर्यंत टिकली, आणि सॅक्सन हे नाव किनाऱ्यावरून आत, दक्षिणेकडे सरकत गेले. फ्रँक इतिहासकाराच्या सांगण्यानुसार ६व्या-७व्या शतकांत सॅक्सन फ्रँक राजांना वर्षाला ५०० गाई खंडणी देत होते; दागिने नव्हे, गाई, हे त्या देशाच्या संपत्तीचे स्वरूप सांगण्यास पुरेसे आहे. बीड त्यांना 'जुने सॅक्सन' म्हणतो आणि त्यांना राजा नाही, अनेक सरदार आहेत, युद्धाच्या वेळी त्यांतील एकाला चिठ्ठ्या टाकून नेता करतात, असे सांगतो. ८व्या शतकापर्यंत वेस्टफालियन, एंगर्न, ओस्टफालियन आणि एल्बेपलीकडचे नोर्डअल्बिंगियन असे त्यांचे विभाग दिसतात. फ्रँक राजा शार्लमेनला त्यांना जिंकायला ७७२ ते ८०४ अशी ३०हून अधिक वर्षे लागली, त्याचे एक कारण हेच, की एका राजाला शरण आणून युद्ध संपेल अशी तेथे व्यवस्थाच नव्हती.

इंग्लंडमधील आणि खंडावरील सॅक्सन एकमेकांना विसरले नव्हते. ७३८च्या सुमारास बोनिफेस हा इंग्रज धर्मप्रचारक मायदेशीच्या लोकांना पत्र लिहून या सॅक्सनांच्या धर्मांतरासाठी प्रार्थना करायला सांगतो, आणि हे सॅक्सन स्वतःच म्हणतात, की 'आपण एकाच रक्ताचे आणि एकाच हाडाचे आहोत', असा दाखला देतो. नाते खरे होते, पण ते आठवणीत ठेवण्याची गरज धर्मप्रचारकांनाही होती.

पुढे ९व्या आणि १०व्या शतकांत खंडावरच्या सॅक्सनांनी आपली मूळकथा लिहिली, तेव्हा फुल्डाच्या मठातील लेखकाने प्रवासाची दिशाच उलटी केली: सॅक्सन म्हणे ब्रिटनहून निघाले आणि एल्बेच्या मुखाजवळ हाडेल्न येथे उतरले. कोर्वेच्या मठातील विडुकिंडने त्यांना डेन, नॉर्मन किंवा अलेक्झांडरच्या सैन्याचे उरलेले मॅसिडोनियन ठरवून त्याच हाडेल्नला जहाजांतून उतरवले. हाडेल्न हे फेडरसन विर्डेच्या ईशान्येचा शेजार. ज्या किनाऱ्यावरून लोक बाहेर गेले, तोच वंशजांच्या कथेत लोक आत आल्याचा किनारा झाला. जिंकलेल्या भूमीवर हक्क सांगणाऱ्या, नुकतेच राजपद मिळालेल्या घराण्याला 'आम्ही येथे शेणमातीचे थर रचत ५०० वर्षे राहिलो' ही हकिकत उपयोगाची नव्हती. त्याला समुद्रावरून आलेले, जागा युक्तीने आणि तलवारीने मिळवणारे पूर्वज हवे होते. हेच नाव नंतर सरंजामी किताबांबरोबर एल्बेच्या वरच्या अंगाला गेले, आणि १४२३मध्ये माइसेनच्या वेट्टिन घराण्याकडे पोहोचून आज ड्रेस्डेनच्या राज्याला चिकटले आहे, जिथे या किनाऱ्यावरचे लोक कधी वसलेच नव्हते.

फेडरसन विर्डेच्या परिसरात ८व्या शतकापासून पुन्हा वस्ती झाली. खाजणात गुरे पाळणारे आणि टेकाडांवर घरे बांधणारे हे नवे रहिवासी पश्चिमेकडून आलेले फ्रिजियन होते, आणि मध्ययुगभर तो मुलूख त्यांच्याच गावसभांच्या कारभाराखाली राहिला.